कारण : पालकांच्या अर्जावरून

काल नववी 'ब'मधल्या एका पोरीचा दाखला लिहिला, तेव्हापासून कशातच लक्ष नाही.

दाखले काही नवीन नाहीत. बाबूची जागा रिकामी, म्हणून जनरल रजिस्टर माझ्याच टेबलावर. अभ्यासातील प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. बाकं मोडणाऱ्यालाही आम्ही तेच लिहितो. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या अर्जावरून. बाप समोरच उभा होता. "बुटीबोरीले कंपनीत लागलो मॅडम. पोरीले इथं कोनाच्या भरवशावर ठेवू?" बरोबरच आहे त्याचं. यंदा सोयाबीन कसं गेलं ते आमच्या वावरानंही दाखवलंय.

दिवाळीनंतर वेचणी लागली की अर्ध्या पोरी कापसात असतात. ही शनिवारची सकाळची शाळासुद्धा बुडवायची नाही. पोरींना शाळेत आणणाऱ्या, मानव विकास योजनेच्या निळ्या बसमधून पहिली उतरायची. हे सगळं मला रात्री आठवलं. सही करताना डोक्यात एवढंच होतं, की पट एकानं कमी झाला. ती पाया पडायला वाकली आणि मी मनात ३० सप्टेंबरचा पट मोजत होते, शिक्षकांच्या जागा ठरवायला धरतात तो.

मग वाईट वाटलं ते नेमकं कशाचं? ती गेली त्याचं, की आकडा गेला त्याचं?

१५ मार्च २०२४ चा जीआर आल्यापासून स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. संच मान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवणं. त्यात जास्तीचा ठरला तो अतिरिक्त, आणि त्याला दुसऱ्या शाळेत पाठवणं ते समायोजन. जिल्हा परिषदेची पाचवी ते दहावी शाळा, अगदी लहान नाही. पण गावात कॉन्व्हेंट निघाले आणि पाचवीची एक तुकडी गेली. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझ्याखाली कोणी नाही. जिल्ह्याच्या पार त्या टोकाला टाकलं तर घरी कोण बघणार... यांच्याशी परवा यावरूनच झालं. जाऊ दे.

तरी पोरीकडे बघून आधी पटच आठवावा? मी अशी नव्हते. की होते, आणि तेव्हा पट भरपूर होता म्हणून कळलं नाही?

युडायसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत, आता ती शाळा सोडलेल्यांच्या ड्रॉप बॉक्समध्ये पडलीय, नवी शाळा ओढून घेईपर्यंत. निदान ती तरी लवकर निघेल तिथून. आम्ही अतिरिक्त ठरलो की आम्हालाही कोणीतरी ओढून घेईपर्यंत बसायचंच आहे. आमच्या वर्तणुकीपुढे कोण काय लिहिणार, देव जाणे. लिहितील, चांगली.

आज दुपारी खिचडी वाटपाच्या वेळी एकजण पोराला घेऊन आला. कॉन्व्हेंटची फी झेपेना. आठवीत टाकायचंय म्हणाला. मी स्वतः उठून खुर्ची दिली. हेडसर माझ्याकडे बघून हसले, मीही हसले. आनंद कोणत्या कारणानं झाला, तो रकाना आज कोराच ठेवला. पोराच्या आधारवर आडनाव भलतंच आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय तो पटात धरला जाणार नाही, म्हणून बापाला सोमवारी तहसीलजवळच्या केंद्रात पाठवतेय.