ड्रोनने काय मागवावं, काय मागवू नये

अमेरिकेत डॅलसच्या उपनगरांत वॉलमार्टमधून विंग या कंपनीचे (गूगलच्या अल्फाबेट समूहातली) ड्रोन सामान पोचवतात. यात पहिला अडसर वजनाचा. लहान ड्रोन जेमतेम १.२ किलो उचलतो, आणि पुठ्ठ्याचा खोकाही त्यातच धरायचा. मोठ्या अंड्यांचा डझन पाऊण किलोच्या आसपास. वर अर्ध्या किलोचा पाव टाकला की झालं. गॅलनभर दूध जवळजवळ चार किलो भरतं, त्यामुळे तो विषयच नाही. नवा मोठा ड्रोन २.३ किलो नेतो, म्हणजे अर्धा गॅलन दूध आणि फार तर कोथिंबिरीची जुडी. चिप्सचं उलटं: वजन नगण्य, पण खोका दोन पाकिटांतच भरतो.

म्हणून दहा किलो कणीक आणि तेलाचा कॅन अजून गाडीच्या डिकीतूनच येतात. ड्रोनवर जातं ते विसरलेलं सामान: लिंबं, तापाची गोळी, बाळाचे वाइप्स. पूर्वी लिंबांसाठी दुकानात गेलं की चार नको त्या वस्तू ट्रॉलीत पडायच्या. आता फक्त लिंबं येतात. ग्राहकाचे पैसे वाचतात, दुकानदाराला मात्र हे महागात पडतं.

ड्रोन खाली उतरत नाही. साधारण सात मीटरवर एका जागी थांबून दोरीने खोका सोडतो. खोका जमिनीला टेकला, दोरी सैल पडली की आकडा आपोआप सुटतो. दोरीला हात लावू नका. जागा सपाट हवी, वर फांदी किंवा तार नको, कुत्रा घरात. खुर्चीत किंवा झुडपात दोरी अडकली तर घोटाळा होतो, कारण तरंगत थांबण्यातच बॅटरी सगळ्यात जास्त जाते. ताशी शंभर किलोमीटरने पुढे जाताना भार विमानासारखे पंख पेलतात. थांबल्यावर तो सगळा पंख्यांवर येतो. टेक्ससच्या उन्हाळ्यात हवा विरळ होते, तेव्हा पंख्यांना आणखी जोर लावावा लागतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची इथे बहुधा निराशाच, कारण स्वतःचं अंगण नाही.

शेजाऱ्यांचाही विचार करा. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या बोनीथन उपनगरात विंगच्या २०१८च्या चाचण्यांत लोक वैतागले ते आवाजावरून. वेगाने फिरणारे छोटे पंखे कर्कश वाजतात. पुढे कंपनीने कमी आवाजाचे पंखे बनवले, तरी खोका शेजारच्या बेडरूमच्या खिडकीखाली उतरवू नका.

वादळी वाऱ्यात उड्डाणं थांबतात, तेव्हा पाहुणे दारात असताना ड्रोनच्या भरवशावर राहू नका. आणि आइस्क्रीम मागवलंत तर खोका टेकताच उचला, जुलैत तिथलं काँक्रीट चांगलंच तापलेलं असतं.