ईव्हीएमवर वाद घालण्याआधी

रविवार, रात्री

महाराष्ट्रात सध्या सगळ्यात लवकर हमरीतुमरीवर येणारा विषय म्हणजे ईव्हीएम. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या आणि २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांकडे गेल्या. या उलथापालथीत एकाला लाडकी बहीण दिसते, दुसऱ्याला यंत्रातली गडबड. दोघेही तळमळीने बोलत असतात, तरी दहा मिनिटांत गाडी ‘अंधभक्त’ आणि ‘फुरोगामी’वर येते. मला हे फार लागतं, कारण आपलं मत मोजलं जातंय की नाही यावर ज्यांनी एकत्र बसून बोलायला हवं, तेच एकमेकांशी अबोला धरतात.

पहिलं काम कागदावर करायचं. दावा एका वाक्यात लिहायचा. ‘घोळ झाला’ हा दावा नव्हे, त्यात निदान तीन प्रश्न कोंबलेले आहेत: मतदारयादीत खोटी नावं घुसली का, यंत्राने मत बदललं का, मतदानाची टक्केवारी नंतर फुगवली का. तिन्हींचे पुरावे वेगळे. बहुतेक वाद इथेच बिघडतात. यंत्राबद्दल विचारलं की बोलणारा यादीवर जातो, यादीबद्दल विचारलं की टक्केवारीवर, आणि समोरचा ‘मग लोकसभेला जिंकलात तेव्हा का नाही बोललात?’ असं विचारून मोकळा होतो. हा प्रश्न बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल काही सांगेल, यंत्राबद्दल काहीच सांगत नाही.

आता यंत्राचंच घ्या. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राच्या, काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि खालच्या पेटीत पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानंतर प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून ५ केंद्रं निवडतात आणि तिथल्या कागदी चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. त्याआधी एकच केंद्र असायचं. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर ७ दिवसांत ५ टक्के यंत्रं तपासून मागायची सोय दिली. एवढं टेबलावर ठेवलं की प्रश्नाचे दोन तुकडे होतात. आकडे जुळले का, हे कागद पाहून कळतं. ५ केंद्रं पुरेशी आहेत का, हा तारतम्याचा प्रश्न आहे आणि त्यावर दोन शहाणी माणसं प्रामाणिकपणे वेगळं बोलू शकतात. माझं मत, पुरेशी नाहीत. पण ‘तपासणी वाढवा’ आणि ‘चोरी झाली’ ही दोन वाक्यं एकाच श्वासात बोलली की पहिलंही ऐकून घेतलं जात नाही.

आकडा न जुळण्याचं एक साधं कारणही ठाऊक हवं. मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं. ती मतं यंत्रातून पुसायची आणि चिठ्ठ्या पेटीतून काढायच्या असतात. केंद्राध्यक्ष यातलं एखादं विसरला, तर त्या केंद्रावर फरक निघतो.

टक्केवारीचा वाद मात्र खरा चघळण्यासारखा. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५. निवडणूक आयोग म्हणतो, ५ वाजताचा आकडा तात्पुरता असतो आणि ६ वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाचं मत घेतलं जातं. पण इथे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७सी भरतो. त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली ते लिहिलेलं असतं, आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. त्या प्रतींची बेरीज मतमोजणीच्या आकड्याशी लावली की प्रश्न निकालात निघतो. म्हणून आरोप करणाऱ्याला एकच विचारावं: १७सी कुठे आहेत? आणि आयोगाची बाजू घेणाऱ्यालाही एकच: त्या सरसकट जाहीर करायला हरकत कसली? हे दुसरं विचारलं की पहिल्यांदाच दोन्ही बाजू एका मागणीवर येण्याची शक्यता निर्माण होते.

आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा असतो, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नीट. त्याने ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हटल्याशिवाय उत्तर सुरू करायचं नाही. बोलायला प्रत्येकी ३ मिनिटं पुरतात. आणि सुरुवातीलाच दोघांनी सांगून टाकायचं, काय पुरावा दिसला तर मी मत बदलेन. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याशी त्या दिवशी वेगळ्या विषयावर गप्पा माराव्यात.

हीच पद्धत इतर वादांतही कामी येते. परराष्ट्र धोरणात मात्र गोंधळ वेगळ्या जागी होतो. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरच्या रशियन हल्ल्याचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. ३५ देश तटस्थ राहिले, त्यात भारत होता. भारताने बरोबर केलं का, यावर वाद होतो, पण इथे तथ्यावर भांडण नाहीच. सुखोई विमानं आणि टी-९० रणगाडे रशियन घडणीचे आहेत, आणि युद्धाआधी आपल्या तेल आयातीत २ टक्क्यांहून कमी असलेला रशियाचा वाटा पुढे एक तृतीयांशावर गेला, हे दोघांनाही मान्य असतं. मतभेद असतो तो हिताला किती किंमत द्यायची आणि तत्त्वाला किती, यावर. अशा वेळी आकडे फेकत राहणं व्यर्थ. दुसरा देश, दुसरं युद्ध घेऊन आपण हीच फूटपट्टी लावू का, एवढं विचारावं.

सिनेमावरच्या वादात ‘इतिहास खरा दाखवलाय का’ आणि ‘दाखवू द्यावा का’ हे दोन प्रश्न हटकून एकमेकांत अडकतात. दुसऱ्याबद्दल १९८९ च्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालय स्पष्ट बोललंय: निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपोटी अभिव्यक्ती दाबता येणार नाही. पहिला प्रश्न तरीही शिल्लक राहतोच. तो बखर, पत्रं आणि तारखा समोर ठेवून सोडवायचा, आणि त्यासाठी सिनेमा पाहिलेला असावा लागतो.