गाठीचं पाणी तोडलं तर?

कॅन्सरच्या गाठीचं रक्त तोडलं तर ती मरेल का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बायोप्सीची बाटली माझ्या टेबलावर ठेवताना पेशंटच्या घरचं कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, गाठीला रक्तच मिळू दिलं नाही तर ती वाळून जाणार नाही का?" तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांनी तर ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करावा तसा हात फिरवून दाखवला होता. प्रश्न अगदी रास्त आहे. जुडा फोकमन या अमेरिकन सर्जनचं सगळं आयुष्य याच प्रश्नापायी गेलं.

१९६०च्या सुमारास ते नौदलाच्या बेथेस्डा इथल्या वैद्यकीय केंद्रात फ्रेडरिक बेकर यांच्याबरोबर रक्ताला पर्याय शोधत होते. सशाची थायरॉइड ग्रंथी त्यांनी काचेच्या उपकरणात, हिमोग्लोबिनच्या द्रावणावर जिवंत ठेवली आणि तिच्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी मोहरीएवढ्या झाल्या, एक-दोन मिलिमीटरच्या, आणि तिथेच थांबल्या. मेल्या म्हणावं, तर त्याच गाठी उंदरात लावल्यावर भराभर वाढल्या. उंदरात त्यांच्याकडे नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या, काचेत फुटत नव्हत्या. रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर आत पोचतो. त्यापुढे वाढायचं तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यातच.

१९७१ साली फोकमननी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडलं की गाठ एक रसायन सोडते, त्यामुळे आसपासच्या रक्तवाहिन्यांना तिच्या दिशेने फुटवे येतात. ते रसायन अडवा, गाठ खुंटेल. बऱ्याच तज्ज्ञांना हे पटलं नाही. त्यांच्या मते गाठीभोवतीच्या वाहिन्या म्हणजे नुसती सूज. मी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे हे वाचताना मला चुटपुट लागते. आमच्याकडे गाठ येते ती फॉर्मॅलिनमध्ये बुडालेली, फिकट, रक्त निघून गेलेली. सर्जनच्या हाताखाली तीच गाठ भळाभळा वाहत असते. फोकमननी ती वाहताना पाहिली होती.

मग त्यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात गाठीचा कण ठेवला गेला. त्या पडद्यात एरवी एकही रक्तवाहिनी नसते. आता काठाकडून केसासारख्या लाल रेघा त्या कणाकडे सरकू लागल्या. पुराव्याची इतकी देखणी रीत मला दुसरी आठवत नाही. १९८४ साली त्यांच्याच प्रयोगशाळेने असं एक रसायन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढे १९८९ साली नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्यांना फुटवे आणणारं व्हीईजीएफ नावाचं रसायन शोधलं, आणि ते अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. फोकमन २००८ साली गेले. हे त्यांना पाहायला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये नुसत्या केमोने पेशंट सरासरी १५.६ महिने जगत होते, हे औषध जोडल्यावर २०.३ महिने. पावणेपाच महिने मिळाले. ज्यांच्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं असतं, त्यांना या महिन्यांची किंमत विचारा. पण गाठ वाळली नाही. एक रसायन अडवलं की ती दुसरं वापरते, कधी अवयवाच्या जुन्याच रक्तवाहिन्यांच्या आधाराने पसरते. शिवाय तिच्या वाहिन्या मुळातच वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. आयआयटी कानपूरला शिकलेले, बॉस्टनमध्ये काम करणारे राकेश जैन यांनी दाखवलं की या औषधाने त्या काही काळ सुधारतात आणि त्यामुळे केमो आतपर्यंत नीट पोचते. म्हणजे आपण व्हॉल्व्ह बंद करायला गेलो आणि फुटलेली नळी दुरुस्त झाली! त्या बागायतदारांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

फोकमन म्हणत आले होते की नको तिथे रक्तवाहिन्या फुटणं हा काही फक्त कॅन्सरचा दोष नाही. माझ्या आईच्या डोळ्यात आतल्या पडद्यामागे (रेटिना) तशाच गळक्या वाहिन्या फुटल्या होत्या. दारांच्या चौकटी तिला वाकड्या दिसायच्या. तिला हेच औषध डोळ्यात टोचलं, दर वेळी अवघं १.२५ मिलिग्रॅम. आता ती सुईत दोरा स्वतः ओवते.

घरात कुणाला हे औषध सुरू होणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा. जखम भरायलाही शरीराला नव्या रक्तवाहिन्या लागतात, म्हणून मोठं ऑपरेशन आणि हे औषध यांत साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. याने रक्तदाबही वाढू शकतो. दात काढायचा असेल, हर्नियाचं ऑपरेशन राहिलं असेल, तर पहिल्या डोसाआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.