मैत्रिणीशी बोललेलं छोटंसं खोटं

मागच्या आठवड्यात मैत्रिणीने तिची कथा वाचायला दिली, कशी वाटली विचारलं, आणि मला आवडली नव्हती तरी तोंडातून निघून गेलं "मस्त झालीये", मग रात्रभर तेच डोक्यात. जर्मन तत्त्वज्ञ कांटने तर १७९७ च्या एका निबंधात लिहून ठेवलंय की खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का असं विचारत असला तरी खोटं बोलायचं नाही, आणि हे मला आजही पटत नाही, जीव वाचवणं मोठं. पण त्याचा दुसरा मुद्दा मात्र खूप टोचला, की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. कारण खरं सांगायचं तर ते खोटं मी तिच्यासाठी बोललेच नव्हते, मला माझा अवघड प्रसंग टाळायचा होता.

इंग्रज तत्त्वज्ञ मिलसारखा परिणामांचा हिशोब केला तरी तेच, आज ती खूश, पण कथा सुधारायची संधी गेली ना!

शेवटी कामी आला तो अॅरिस्टॉटल. रागाबद्दल तो म्हणतो की राग यावा, पण योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य पद्धतीने. मला वाटतं खरं बोलण्याचंही तसंच आहे, सत्य फेकून मारायचं नसतं. म्हणून मेसेज न करता फोनच केला, सॉरी म्हणाले, सुरुवात का आवडली ते आधी सांगितलं आणि मग शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो तेही. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थांब, वही घेते, नेमकं कुठून ते सांग."