सावलीतली खुर्ची, उन्हातली खुर्ची

अमळनेरला आमच्या ओट्यावर एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. होळी झाली की ती सावलीच्या मागे फिरू लागते. सकाळी पश्चिमेच्या भिंतीलगत, दुपारी पंख्याखाली आणि दिवेलागणीनंतर, पाणी शिंपडून निवलेल्या अंगणात. खानदेशातल्या कोणत्याही घरची खुर्ची अशीच फिरते, त्यामुळे त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते. निवृत्तीनंतर मात्र गेली चार वर्षे आम्ही दोघे डिसेंबर ते फेब्रुवारी मुलीकडे इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला जातो, आणि तिथल्या गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची दिवसभर उन्हाच्या मागे फिरते. ती उचलून इकडून तिकडे ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.

आमच्या या जाण्याला गावात कोणाचीही मान्यता नाही. लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात आणि तुम्ही ऐन थंडीत जाता, ही कोणती रीत, असे माझा धाकटा भाऊ दरवर्षी विचारतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. खानदेशाला देवाने एकच गोड ऋतू दिला आहे आणि तो म्हणजे हिवाळा. भरिताची मोठी हिरवी वांगी बाजारात येतात, शेताच्या बांधावर पऱ्हाट्यांचा जाळ होतो, त्यात काळी पडलेली वांगी सोलून, हिरव्या मिरच्या-लसणासकट बडगीत ठेचली जातात आणि शेजारी कळण्याच्या भाकरी पडत असतात. नेमक्या या दिवसांत घराला कुलूप लावणे म्हणजे लग्नाच्या पंगतीतून वाढायच्या वेळी उठण्यासारखे आहे. पण उन्हाळ्यात घर बंद ठेवता येत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते आल्यावर भरायला माणूस लागतो, कुंड्या एका आठवड्यात वाळतात, शिवाय पापड-कुरडया, आखाजी आणि भावकीतली लग्ने याच काळात असतात. तिकडे जून ते सप्टेंबर पावसाळा, म्हणजे उरला हिवाळाच. आम्ही तो निवडला असे म्हणण्यापेक्षा तो आमच्या वाट्याला आला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

मी छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. विषुववृत्ताच्या जवळ उष्ण हवामान असते, मात्र उंचीनुसार तापमान कमी होते, हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल याची गणती नाही. पण ते अंगावर घेण्याची वेळ साठी उलटल्यावर आली. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. अदिस अबाबा सुमारे २,३५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सातशे मीटर चढून तिथे लाखोंचे शहर वसवावे तसा हा प्रकार. मुंबईहून निघालेले विमान पाच-सहा तासांत तिथे उतरते आणि बॅग उचलून दोन जिने चढल्याबरोबर आपण म्हातारे झालो आहोत, ही बातमी छाती देते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश, त्यामुळे प्राणवायूही त्याच मापाने. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी एकमेकांपासून धाप लपवण्याचा प्रयत्न केला, पण तो दुसऱ्या जिन्यापर्यंतच टिकला.

थंडीची मात्र गंमत आहे. तिथे डिसेंबरच्या पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर येतो, आणि आमच्याकडेही जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या आसपास उतरतोच. म्हणजे रात्रीची गोधडी दोन्हीकडे सारखीच जाड लागते. फरक दुपारचा. अमळनेरला जानेवारीतही दुपारी तीस अंश होतात, तिथे बावीस-तेवीसच्या पुढे गाडी जात नाही. घरात बसले तर पाय गार पडतात आणि गच्चीत आले तर डोके तापते. सावली आणि ऊन यांच्यामध्ये चार पावलांचे अंतर आणि दोन ऋतू, म्हणून खुर्चीची ती फिरस्ती.

आणि याच उन्हाने पहिल्या वर्षी माझी फजिती केली. पंचेचाळीस अंशांत कानाला रुमाल गुंडाळून, खिशात कांदा ठेवून सायकलवर शाळेत गेलेला मी माणूस. मुलगी टोपी घेऊन मागे आली तेव्हा मी तिला सांगितले की, आम्ही खानदेशची माणसे, या कोवळ्या उन्हाने आम्हाला काय होणार? वर्तमानपत्र मोबाइलवर वाचत दोन तास बसलो. संध्याकाळी नाक आणि कपाळ तांबडे झाले, आणि तिसऱ्या दिवशी नाकाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघू लागली. नातीला ते इतके आवडले की तिने शाळेतल्या मैत्रिणींना दाखवायला घरी आणले. कारण मला ठाऊक असायलाच हवे होते. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे सूर्याचे अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. शिवाय ते शहर नऊ अंश अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य आपल्याकडच्यापेक्षा बराच वर असतो. तापमान आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नववीच्या पोरांना समजावणाऱ्या मास्तरला नाकाची साल गेल्यावर समजले. सौभाग्यवतींनी खोबरेल तेल लावताना एवढेच म्हटले, "आपले ऊन सांगून मारते हो, हे न सांगता."

तिची स्वतःची लढाई स्वयंपाकघरात चालली होती. पहिल्या आठवड्यात तिने कढणासाठी उडीद पातेल्यात शिजायला टाकले, कारण मुलीच्या कुकरची रबरी रिंग गेलेली होती. पाणी खळखळ उकळत होते, वाफ येत होती, आणि दोन तासांनी उडीद दाताखाली खडीसारखे लागत होते. मी भूगोल काढला. बाहेरचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ब्याण्णव अंशांच्या सुमारासच उकळते, आणि एकदा उकळी आली की खाली कितीही जाळ लावा, पाणी त्याहून तापत नाही. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या पाच मिनिटांच्या पाठाचे सार एका वाक्यात केले, "म्हणजे इथल्या पाण्याला उकळी येते, पण ताव येत नाही." नवी रिंग आली, कुकर लागला, आणि अमळनेरला तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या लागत त्या तिथे पाच झाल्या. चहाही तिथे जास्त वेळ उकळावा लागतो. निदान तिचा तसा दावा आहे, आणि चहा तीच करते.

शेजारी घरमालकीण आजी राहतात. त्यांच्यात आणि आमच्यात भाषा एकही नाही, मुलगी थोडीफार अम्हारिक बोलते तेवढाच पूल. एकदा त्यांनी तिच्याकडून निरोप दिला, उद्या तीन वाजता कॉफीला या. आम्ही दुपारी तीनला इस्त्रीचे कपडे घालून गेलो तर आजी भांडी आवरून कधीच आडव्या झालेल्या. तिथे घड्याळ सूर्याबरोबर सुरू होते. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, त्यामुळे त्यांचे तीन वाजले तेव्हा आमचे नऊ वाजले होते आणि मी गच्चीत खुर्ची सरकवत होतो. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळपास सारखाच असल्याने हा हिशेब तिथे चालून जातो. मला तर तो आपल्यापेक्षा सरळ वाटला. आपल्याकडे दिवस मध्यरात्री बदलतो, तेव्हा तो बघायला जागे कोण असते?

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला गेलो. जमिनीवर ओले गवत पसरलेले, शेगडीवर हिरव्या बिया भाजताना त्यांचा धूर प्रत्येकाच्या नाकापर्यंत फिरवलेला, मग कुटून, मातीच्या काळ्या लांब मानेच्या जबनात उकळलेली कॉफी, आणि सोबत चक्क मक्याच्या लाह्या. अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या होतात आणि तिसरीच्या आधी उठणे बरे दिसत नाही. पहिल्या फेरीचे नाव ऐकून सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. त्या कार्यक्रमात मी अबोलच राहावे, असे तिला सुचवायचे होते.

ऊन आवडणे हा त्या शहराच्या जन्मातलाच गुण असावा. सम्राट मेनेलिक दुसरा याची राजधानी आधी वरच्या एन्तोतो डोंगरावर होती, जवळजवळ तीन हजार मीटरवर. तिथल्या थंडीतून सम्राज्ञी तायतू खालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे येत, तिथेच त्यांनी घर बांधले, आणि १८८६ मध्ये वसलेल्या त्या वस्तीला "नवे फूल", म्हणजेच अदिस अबाबा, हे नाव दिले. ऊब शोधत चार पावले खाली उतरण्याची ती सोय मला फार ओळखीची वाटते.

जानेवारीत सौभाग्यवतींनी गच्चीवर मुगाचे सांडगे घातले. इतके कोरडे, कडक ऊन वाया जाताना तिला बघवत नव्हते. अर्ध्या गच्चीवर आजींनी बर्बरे मसाल्यासाठी लाल मिरच्या पसरल्या होत्या, उरलेल्या अर्ध्यावर आमचे सांडगे, आणि मधल्या पट्ट्यात मी, घारी हाकलायला. तिसऱ्या दिवशी आजींनी ओंजळभर काळे बारीक दाणे आणून दाखवले. ती कारळे होती, आपल्या चटणीची. तिकडे त्यांना नूग म्हणतात. वनस्पतिशास्त्रातले त्यांचे नावच मुळी गुइझोशिया ॲबिसिनिका आहे, आणि ॲबिसिनिया हे इथिओपियाचे जुने नाव, म्हणजे माहेर तिथलेच. सौभाग्यवतींनी लसूण-मिरची घालून चटणी कुटली आणि बशीभर आजींकडे पोहोचवली. परत आलेल्या बशीत भाजलेले हरभरे होते.

भावाचा फोन बहुतेक याच वेळी येतो. "आठे भलती थंडी पडनी," असे म्हणून तो आधी शेकोटीचा आणि मग भरिताचा फोटो पाठवतो. सौभाग्यवती तो फोटो मोठा करून वांग्याचा रंग बघते आणि काही न बोलता फोन माझ्याकडे देते. तिथे इंडक्शनच्या शेगडीवर वांगे भाजण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला होता, त्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात परतलो. स्टेशनवर उतरलो तेव्हा अंगात स्वेटर होते, रिक्षावाला आरशातून बघत राहिला. घर उघडले, झाडले, आणि मी सवयीने लोखंडी खुर्ची उचलून अंगणात उन्हाच्या तुकड्यावर मांडली. साडेनऊ वाजले असतील. पाच मिनिटांत मी उठलो, आणि खुर्ची ओट्याच्या कोपऱ्यात, सावलीत ओढून घेतली. आतून कुकर ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रश्न, "अहो, इथे डाळीला शिट्ट्या किती घ्यायच्या, आठवते का?"