डाव्या चाकामागचा काळा ओघळ

शनिवार, 8 नोव्हेंबर 2025

त्रिपुरी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले. दिवाळीनंतरही रेंगाळलेला पाऊस आता संपला असे धरून आज मी जिप्सीचे पुढचे डावे चाक उतरवले. गेल्या महिन्यापासून त्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या कडेवर, एक काळपट ओघळ दिसत होता. ग्रीस असे वाहत नाही आणि नुसते गिअर ऑइल इतके काळे नसते. दोन्ही एकमेकांत मिसळली की हा रंग येतो. ॲक्सलच्या नळीतले आतले ऑइल सील (ऑइल अडवणारे रबरी कडे) गेले आहे, डिफरन्शियलमधले, म्हणजे दोन चाकांत ओढ वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्यातले, ऑइल नकलच्या, म्हणजे पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या, गोल कवचात उतरून तिथल्या ग्रीसला पातळ करत आहे आणि ते मिश्रण मागच्या मोठ्या सीलमधून बाहेर पडत आहे, एवढे चाक न उतरवताही सांगता येत होते. हे किती वर्षांपासून चालले आहे, ते मात्र उघडल्याशिवाय कळणार नव्हते.

ही 1998 सालची जिप्सी किंग आहे, 1298 सीसीचे कार्ब्युरेटरवाले इंजिन असलेली. मी ती 2006 साली घेतली, तेव्हा माझे काम पाणलोटाच्या पाहणीचे होते आणि तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात पोहोचायचे तर चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवीच होती. काम बदलले, जिल्ह्याचे दोन भाग झाले, 2019 च्या सुमारास जिप्सी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंदही झाली. गाडी मात्र नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात, फणसाखाली, आजही उभी आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शिडीसारखी चेसिस, आणि उघडता येणार नाही असा एकही भाग नाही. या शेवटच्या गुणासाठी मी तिला इतकी वर्षे सांभाळले आहे.

तळमजल्यावरचे नाना वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षे टर्नर होते. मी गाडी जॅकवर घेतली की ते खुर्ची घेऊन अंगणात येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घोडी लावलीस का गं?" जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हा त्यांचा नियम मी आजवर मोडलेला नाही. आज ॲक्सलखाली घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, आणि उतरवलेले चाक आडवे करून चेसिसखाली सरकवलेले, इतके झाल्यावरच काम सुरू केले.

ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने पाट्याला टांगला, म्हणजे त्याच्या होजवर ताण येत नाही. मग हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, झाकणासारखी फ्लँज निघाली आणि आत दिसलेल्या नटने मला बराच वेळ थांबवले. हबची बेअरिंगे धरून ठेवणारे दोन मोठे पातळ नट असतात आणि त्यांच्यामध्ये कानवाली वायसर असते. हे नट सोडवायला वेगळा खोल गोटी पाना लागतो. तो हाताशी नसला की मिस्त्री छिन्नी टेकवतात आणि हातोडीने नट फिरवतात. माझ्या बाहेरच्या नटवर छिन्नीच्या सात खाचा होत्या. काही जुन्या आणि गंजून काळ्या पडलेल्या होत्या, तर काहींच्या कडा अजून धारदार होत्या. किमान दोन वेगवेगळ्या वेळी, दोन वेगवेगळ्या हातांनी ही जागा उघडली होती, आणि दोघांनीही पाना न शोधता छिन्नी उचलली होती. त्या घावांचे पोलादी कण बेअरिंगच्या ग्रीसमध्ये गेले असणारच. मी ग्रीस बोटांत चोळून पाहिले तर ते रवाळ लागले.

मला याचा मनापासून राग येतो. ती जागा डोळ्यांआड असते आणि फ्लँज बसवली की मालकाला काही दिसत नाही, एवढ्याच भरवशावर हे काम केलेले असते. पण यंत्राच्या आतली जागा कायमची कोणाच्या डोळ्यांआड राहत नाही, कधीतरी कोणीतरी ती उघडतेच.

मी छिन्नी घेतली नाही. नटचे माप कागदावर उतरवून काढले आणि संध्याकाळी चार वाजता काम तिथेच थांबवले.

रविवार, 9 नोव्हेंबर

नानांनी काल रात्रीच त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला होता. वागळे इस्टेटमध्ये त्या सहकाऱ्याच्या मुलाचे छोटे लेथचे दुकान आहे, आणि रविवार असूनही त्याने जाड नळीच्या तुकड्यातून त्या नटच्या मापाचा गोटी पाना तासून, मागे आडव्या दांडीसाठी भोक पाडून दिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात 1962 साली याच वागळे इस्टेटपासून झाली. आज तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असल्या तरी मधल्या गल्ल्यांमध्ये अशी एक-दोन लेथवाली दुकाने टिकून आहेत, आणि ती आहेत तोवर माझ्यासारखीला घरी काम करणे शक्य आहे. पाना बसवला, दांडीवर वजन टाकले आणि नट एकही नवी खाच न पडता सुटला.

हब, डिस्क, स्पिंडल आणि मग ॲक्सलचा दांडा त्याच्या सांध्यासह बाहेर आला. कवचात हात घातला तेव्हा ग्रीसऐवजी पातळ राखाडी काला हाताला लागला आणि कोपरापर्यंत ओघळला. त्यात दुधाळ छटा होती, म्हणजे पाणीही आत गेले होते.

आता किंगपिन. नकल ज्या वरच्या आणि खालच्या खुंट्यांवर फिरतो, त्या या पिना. प्रत्येकीला एक लहान टेपर बेअरिंग असते आणि पिनेच्या फ्लँजखाली कागदासारख्या पातळ शिम असतात. शिम काढल्या की बेअरिंगवरचा दाब वाढतो, घातल्या की कमी होतो. माझ्या वरच्या पिनेखाली एकही शिम नव्हती. तिच्या जागी शेलॅकचा, म्हणजे जोड चिकटवून गळती रोखणाऱ्या लाखेचा, वाळलेला थर होता. खालच्या बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरचे कडे, पुसून उन्हात धरला, तर त्यावर रोलरच्या आकाराच्या उभ्या खाचा एका रांगेत उमटलेल्या होत्या.

या खाचा पाहिल्यावर गेल्या दोन वर्षांचा त्रास मला उलगडला. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे किंगपिनचे बेअरिंग पूर्ण फेरा कधीच फिरत नाही. तेच रोलर त्याच जागी बसून रस्त्याचे धक्के खात राहतात, त्यांच्याखालचे ग्रीस बाजूला सरते आणि पोलादावर पोलाद आपटून तिथेच खड्डे पडतात. मग स्टिअरिंग अगदी सरळ असताना बारीक खाचेत बसल्यासारखे वाटते, आणि ताशी साठच्या आसपास रस्त्यातला एखादा जोड ओलांडला की पुढची चाके थरथरायला लागतात, ती वेग उतरवल्याशिवाय थांबत नाहीत. 2023 साली हीच तक्रार घेऊन मी गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. माझा हात तेव्हा फ्रॅक्चरमुळे प्लास्टरमध्ये होता, म्हणून नाइलाज होता. त्यांनी स्टिअरिंगचा डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) नवा बसवला आणि थरथर काही महिने दबली. शिम काढून पिना आवळण्याचे कामही त्याच वेळचे असावे, कारण बिलात "नकल टाइट" असे दोन शब्द आहेत. झिजलेल्या बेअरिंगवर दाब वाढवला की खेळ तेवढ्यापुरता नाहीसा होतो आणि खड्डे आणखी खोल होतात.

इथपर्यंत दोष दुसऱ्यांचा होता. संध्याकाळी मी गाडीची वही काढली. गाडी घेतल्यापासून प्रत्येक कामाची नोंद मी एका दोनशेपानी वहीत करत आले आहे. आतले सील कधी बदलले होते ते शोधत मागे गेले, तेव्हा मे 2014 च्या पानावर माझ्याच अक्षरात ओळ सापडली: "डावा नकल उघडून ग्रीस भरले. आतले सील दुकानात नव्हते, जुनेच परत बसवले. पुढच्या वेळी बदलायचे." पुढची वेळ आलीच नाही. मला शनिवार-रविवारात गाडी परत उभी करायची होती, सोमवारी मोखाड्याला जायचे होते, आणि सीलची कड तेव्हा बोटाला मऊ लागली होती, हे सगळे आठवते. पण या वर्षी कवचातून निघालेल्या काल्याची सुरुवात त्या ओळीपासून झाली आहे. ते पान मी नानांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "लिहून ठेवलंस म्हणून सापडलं. छिन्नीवाल्याने कुठे लिहिलंय?"

नानांचे म्हणणे खरे आहे, तरी त्याने माझे पूर्ण समाधान झाले नाही. सील बदलायचे राहिले ते राहिलेच.

बुधवार, 12 नोव्हेंबर

अर्धा दिवस रजा काढून मशीद बंदरला उतरले आणि नागदेवी स्ट्रीटवर गेले. दुकानात गाडीचे नाव सांगण्यापेक्षा जुने बेअरिंग काउंटरवर ठेवावे. कडेवर कोरलेला नंबर वाचून दुकानदार दोन मिनिटांत नवे काढून देतो, आणि ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तीही पुरते. किंगपिनची चार बेअरिंगे, हबची चार, आतली दोन सीले आणि नकलमागच्या मोठ्या सीलांचे दोन संच घेतले, म्हणजे उजव्या बाजूचीही सोय झाली. शिमचा पाकीटबंद संच मात्र तिथे नव्हता. तो कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाला. पेट्रोलचा नवा रबरी होजही तिथेच घेतला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. कार्ब्युरेटरकडे जाणारा माझा होज जोडाजवळ मऊ पडून भेगाळला होता.

शनिवार, 15 नोव्हेंबर

बेअरिंगचे नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये, खोबऱ्याच्या डब्याशेजारी ठेवले होते. थंडीने पोलाद किंचित आकसते, तेवढे पुरते. पितळी सळईने कडेकडेने हलके ठोकत गेल्यावर कप सरळ तळाला जाऊन बसले. हातोडीचा आवाज बदलला की कप टेकला असे समजायचे, हे नानांनी शिकवले आणि आज तो बदल मला स्वच्छ ऐकू आला.

नवे सील घालण्याआधी जुने का गेले, हे पाहायला हवे होते. अकरा वर्षांहून जुने रबर कडक होणारच, पण एवढे ऑइल बाहेर ढकलायला आतून दाबही लागतो. ॲक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढा एक ब्रीदर असतो. मी तो काढून फुंकला, तर हवा जाईना. आत लाल माती विटेसारखी घट्ट बसली होती. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही, तर ती सीलमधून ऑइलसकट वाट काढते. उलट, तापलेला ॲक्सल मुरबाडच्या पुढच्या एखाद्या ओढ्यात घातला की तीच हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचते. दुधाळ छटेचे कारण हे होते. नुसते सील बदलून मी गाडी उभी केली असती, तर पुढच्या पावसाळ्यानंतर तोच ओघळ पुन्हा दिसला असता. ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती चेसिसवरून इंजिनच्या बाजूला, बॉनेटच्या उंचीपर्यंत नेली आणि टोक खाली वळवून ठेवले.

मग शिम. मोठे सील न लावता नकल नुसता पिनांवर बसवायचा, टोकाला ताणकाटा अडकवून ओढायचा आणि नकल हलायला लागतो त्या क्षणी काटा काय दाखवतो ते वाचायचे. पहिल्या खेपेला काटा पाव किलोवरच हलला, म्हणजे सैल. एक पातळ शिम काढली, बोल्ट पुन्हा आवळले. पाचव्या खेपेला काटा दीड किलोच्या आसपास स्थिरावला आणि नकल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न अडखळता, एकसारख्या जडपणाने फिरला. या कामाला अडीच तास लागले. गॅरेजमध्ये अडीच तास एका पिनेला कोणी देऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. तिथे जागेचे भाडे असते आणि बाहेर पुढची गाडी उभी असते. घरी काम करण्याचा खरा लाभ पैशांच्या बचतीपेक्षा या वेळेत आहे, असे मला वाटते.

खालची चेसिस तारेच्या ब्रशने घासून गंज निघाला तेवढ्या भागाला रेड ऑक्साइड लावले. आमच्याकडे खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, त्यामुळे हे दरवर्षीचे काम आहे. पावसाळ्याआधी चेसिसला जळके इंजिन ऑइल फासण्याची पद्धत मी सोडून दिली आहे. त्याने पाट्यांचे रबरी बुश फुगतात, आणि फणसाच्या मुळांशी ते ठिबकलेले मला पाहवत नाही.

रविवार, 16 नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला तीन हात नाक्यावरून पूर्व द्रुतगती मार्गाला लागले आणि विक्रोळीपर्यंत जाऊन आले. उड्डाणपुलांच्या जोडांवरून साठने गेले, मग पासष्टने. स्टिअरिंग हातात शांत राहिले. परत आल्यावर हबला तळहात लावून पाहिला, तो कोमट होता, चटका देणारा नव्हता. टायरची आतली कड कोरडी होती.

वहीत लिहिले: "डावा नकल. किंगपिनची व हबची बेअरिंगे नवी. आतले सील नवे. ब्रीदर वर नेला. वरच्या पिनेखाली तीन शिम, खाली एक. हब नटचा पाना शिडीखालच्या लाकडी पेटीत आहे." शेवटचे वाक्य माझ्यासाठी नाही, मला पाना कुठे आहे ते ठाऊक आहे. छिन्नीच्या खाचा पडलेला नट मी कानशीने घासून साफ केला, तरी त्या पुसट दिसतातच.

उजव्या बाजूची बेअरिंगे कागदात गुंडाळून पेटीत ठेवली आहेत. 2014 च्या त्या पानावर उजव्या नकलबद्दल एकही ओळ नाही. पुढच्या शनिवारी तो उघडायचा आहे.