पडलेले सिनेमे, पुन्हा

सोमवार, रात्री

'कागज़ के फूल' पुन्हा बघायचा आहे. आज मात्र फक्त प्रत तपासली. पडलेला सिनेमा पुन्हा बघणारे बहुतेक जण "तेव्हाच्या लोकांना कळलाच नाही" हे आधी ठरवून टाकतात आणि मग अडीच तास त्याचे पुरावे गोळा करत बसतात. त्याआधी विचारायला हवं की आपल्या पडद्यावर जे दिसतंय ते पूर्ण आहे का. 'कागज़ के फूल'च्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं.

१९५९चा, गुरुदत्तने दिग्दर्शित केलेला हा सिनेमा म्हणजे भारतातला पहिला सिनेमास्कोप. या पद्धतीत कॅमेऱ्याचं भिंग दृश्य आडवं दाबून, निम्म्या रुंदीत, नेहमीच्याच ३५ मिमी फिल्मवर बसवतं. थिएटरात प्रोजेक्टरला तसंच भिंग उलट कामाला लावून ते दुप्पट पसरवायचं. म्हणजे थिएटरवाल्याकडे वेगळं भिंगही हवं आणि रुंद पडदाही. चौकट येते २.३५ : १. जुन्या टीव्हीचा पडदा १.३३ : १. तो पूर्ण भरायचा तर डावी-उजवी मिळून चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग छाटावा लागतो. स्कोपमधले कितीतरी सिनेमे टीव्हीवर आणि कॅसेटवर असे छाटूनच आपल्यापर्यंत आले, आणि आपण त्यांच्यावर मतंही बनवली. आजच्या १६ : ९ टीव्हीवर पडदा भरून दाखवला तरी जवळजवळ पाव चित्र जातं.

तपासणी सोपी आहे. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटीमीटर असते. स्कोप चित्र पूर्ण असेल तर त्यातले ४० सेंटीमीटर चित्राचे आणि वर-खाली साडेसहा-साडेसहाचे काळे पट्टे. पट्टे नसतील तर चित्र छाटलंय किंवा ताणलंय. छाटलं असेल तर दोघांच्या संभाषणात एकाचं नाक तेवढं चौकटीत राहतं, नाहीतर कारण नसताना चित्र मधूनच आडवं सरकतं. ताणलं असेल तर गाडीचं चाक किंवा भिंतीवरचं घड्याळ बघावं. ते अंड्यासारखं दिसलं की समजायचं.

मग लांबी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, आणि आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत २५ चौकटींची. ही एक जादा चौकट भरून काढायला सिनेमा चार टक्के वेगाने पळवतात. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि गाणी हार्मोनियमच्या एका पट्टीला थोडं कमी एवढी वर चढतात. त्यामुळे सहा मिनिटं कमी दिसली तर लगेच "सीन कापला" म्हणून ओरडू नये. वीस मिनिटं कमी दिसली तर ओरडावं. आधी गाणी मोजावीत, कारण कात्री पहिली तिथेच लागते.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'मोशन स्मूदिंग' बंद, 'शार्पनेस' अगदी खाली, 'व्हिव्हिड'ऐवजी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. कृष्णधवल सिनेमाला 'वॉर्म' रंगछटा ठेवावी, नाहीतर पांढरं निळसर दिसतं. खोलीत अंधार हवाच.

मंगळवार

पूर्ण बघितला. पूर्ण रुंदीत.

छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी या रुंदीचं काय केलंय ते 'वक़्त ने किया'मध्ये कळतं. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा झोत, एका बाजूला गुरुदत्त, दुसऱ्या बाजूला वहीदा, आणि मधे नुसती जागा. दोघंही गात नाहीत. गीता दत्तचा आवाज बाहेरून येतो. त्यांच्या देहांतून त्यांच्याच पुसट प्रतिमा निघून मधोमध एकमेकींत मिसळतात. देह मात्र जागचे हलत नाहीत. तो झोत स्टुडिओच्या दिव्यांचा नव्हे. बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी आत वळवून तो मिळवला आहे. सूर्याचे किरण एकमेकांना समांतर येतात, म्हणून झोताच्या कडा सरळ राहतात. दिवा जवळ असला की किरण फाकतात. हवेत धूळ किंवा धूर नसेल तर मात्र असा झोत दिसणारच नाही.

आता हेच गाणं छाटलेल्या प्रतीत काय होतं बघा. मधली रिकामी जागा जाते किंवा दोघांपैकी एक जातो. जागा गेली की दोघं जवळजवळ उभे दिसतात, आणि मग एवढं दुःख कशाचं, असा प्रश्न पडतो. अंतर हाच ज्या दृश्याचा विषय, त्यातून अंतरच कापलेलं!

स्कोपला एक जुनं दुखणंही होतं. सुरुवातीच्या भिंगांत कॅमेरा चेहऱ्याजवळ नेला की गाल फुगलेले दिसायचे. हॉलिवूडचे तंत्रज्ञ याला गालगुंडच म्हणत. क्लोज-अप ही ज्याची ताकद, त्या दिग्दर्शकाने हे माध्यम निवडावं हे धाडसच होतं. मूर्तींना या कामासाठी छायाचित्रणाचं आणि एम. आर. आचरेकरांना कला दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं. म्हणजे कारागिरी तेव्हाही लोकांच्या नजरेत भरली होती. "कुणालाच काही कळलं नाही" हे इथेच बाद होतं.

बुधवार

मग सिनेमा पडला कशामुळे? हे शोधताना दोन खाती वेगळी ठेवावीत: तिकीटबारीचं आणि समीक्षेचं. तिकीटबारीच्या खात्यात खर्च, किती थिएटरं मिळाली, समोर दुसरा कुठला सिनेमा होता आणि पहिल्या आठवड्याचं कलेक्शन 'होल्डओव्हर'च्या खाली गेलं का, हे येतं. होल्डओव्हर म्हणजे थिएटरशी ठरलेला किमान आकडा. त्याच्या खाली गेलं की सिनेमा उतरवतात, मग "हळूहळू लोकांना आवडला असता" याला अर्थ उरत नाही.

समीक्षेचं खातं पटकथा समोर ठेवून तपासावं. जिथे लक्ष उडालं तिथलं मिनिट लिहून ठेवायचं आणि आधीच्या दहा मिनिटांत काय झालं ते बघायचं. दोष बहुतेक वेळा तिथे असतो.

'प्यासा' १९५७चा, चाललेला. त्यातही नायकाला, विजयला, जग लाथाडतं. पण त्याचे भाऊ लबाड आहेत, प्रकाशक नीच आहे, प्रेक्षकाला राग काढायला माणसं आहेत. शेवटी भरल्या सभागृहात विजय सगळं नाकारतो आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या गुलाबोला घेऊन निघून जातो. नाकारणं ही त्याची कृती आहे. 'कागज़ के फूल'चा नायक, गुरुदत्तनेच केलेला दिग्दर्शक सुरेश सिन्हा, काहीच करत नाही. मुलीचा ताबा कोर्टात हरतो, पितो, त्याचे सिनेमे पडतात, स्टुडिओ त्याला काढून टाकतो. वहीदाची शांती त्याला परत आणायला निघते तर हा स्वाभिमान आडवा येतो म्हणून पळतो. राग काढायचा तर त्याच्यावरच निघतो. उत्तरार्धात एकामागून एक उतरणीच्याच पायऱ्या, आणि प्रेक्षकाला तिसऱ्या पायरीवरच शेवट ठाऊक. हा दोष खरा आहे. तो १९५९च्या प्रेक्षकाला जाणवला, आजही जाणवतो.

दुसरा दोष जॉनी वॉकरचा रॉकी. 'प्यासा'तला मालिशवाला विजयचा मित्र होता, कथेत त्याचं काम होतं. रॉकी तर सुरेशचा मेव्हणा, त्याच्यावर जीव असलेला. त्या घरातली एकमेव खिडकी त्याच्यामुळे उघडी राहू शकली असती. पण त्याचा बराचसा वेळ घोड्यांच्या शर्यती आणि जनावरांची डॉक्टरीण यांत जातो. तेवढी मिनिटं मुलगी पम्मी आणि शांती यांच्यात काही घडवायला दिली असती तर सिनेमाची मांडणीच बदलली असती.

तरीही हा सिनेमा पुन्हा बघावा असाच आहे. त्यातलं स्टुडिओचं जग आतून आलेलं आहे. गुरुदत्तची उमेदवारी पुण्याच्या प्रभातमधली, ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. रशेस, म्हणजे चित्रीकरणाची कच्ची फिल्म, बघताना चुकून चौकटीत शिरलेली मुलगी सुरेशला त्याच्या 'देवदास'मधली पारो म्हणून दिसते, तो प्रसंग पाहावा. दिग्दर्शक काम करताना कसा बघतो हे हिंदी सिनेमात इतकं नेमकं क्वचितच आलंय. यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. पुढचाच 'चौदहवीं का चाँद' एम. सादिक यांच्या नावावर आला आणि तुफान चालला.

शुक्रवार

'मेरा नाम जोकर'. १९७०. याचं दुखणं लांबी, हे सगळेच सांगतात. चार तासांच्या वर आणि दोन मध्यंतरं. पण थिएटरच्या बाजूने बघितलं तर लांबी म्हणजे नुसता कंटाळा नाही. दिवसाचे चार खेळ तीनवर येतात. तिकिटाचे दर तेच, खुर्च्या त्याच, म्हणजे हाऊसफुल्ल गेला तरी पाव गल्ला आधीच कमी. नंतर छोट्या केलेल्या प्रती निघाल्या, आणि आज कुठली मिळेल याचा नेम नाही. दोन मध्यंतरांच्या पाट्या दिसल्या तर मूळ लांबीची आशा धरावी.

हा एका बैठकीत बघू नये. पहिलं प्रकरण, ऋषी कपूर आणि सिमी गरेवालचं, एका संध्याकाळी बघून थांबावं. तो स्वतंत्र, हिशेबात बसणारा सिनेमा आहे. रशियन सर्कशीचं दुसरं प्रकरण मधूनमधून चांगलं. तिसरं माझ्या मते आजही उभं राहत नाही, कारण जोकरला तोवर शिकण्यासारखं काही उरत नाही, फक्त पुन्हा एकदा सोडून जाणं उरतं.

शनिवार

बाहेरचं एक उदाहरण, कारण याच्याइतकं स्वच्छ दुसरं नाही. 'ब्लेड रनर', जून १९८२. दोनच आठवडे आधी 'ई. टी.' लागलेला. प्रेमळ परग्रहवासी बघून बाहेर पडलेल्या अमेरिकी प्रेक्षकाला पावसात भिजलेलं, निराश शहर नको होतं. शिवाय स्टुडिओने घाबरून नायकाच्या आवाजात निवेदन चिकटवलं आणि शेवटी हिरव्या डोंगरांतून मोटारीची सफर जोडली. त्या दृश्यांतले काही तुकडे 'द शायनिंग'साठी चित्रित झालेल्या आणि न वापरलेल्या फिल्ममधले.

प्रत ओळखायची खूण: नायक रस्त्यावर नूडल्सची वाट बघत बसलाय तिथे निवेदन ऐकू आलं तर १९८२ची. निवेदन नाही आणि पुढे शिंगवाला घोडा धावताना दिसला तर १९९२ची किंवा २००७ची, म्हणजे नंतर निघालेली दिग्दर्शकाची आवृत्ती. आधी २००७ची बघावी, मग १९८२ची. उलट क्रमाने बघितलं की निवेदनाने सांगितलेलं डोक्यात राहतं आणि चित्र स्वतः वाचायचं राहून जातं. तेव्हा ज्यांनी टीका केली, त्यांची निवेदनाबद्दलची तक्रार पुढे दिग्दर्शकाच्या आवृत्तीनेच मान्य केली. समीक्षक चुकले म्हणताना एवढं लक्षात असू द्यावं.

रविवार

आज घाईत दोन नोंदी.

'अंदाज़ अपना अपना', नोव्हेंबर १९९४. रखडत पूर्ण झालेला. ऑगस्टपासून 'हम आपके हैं कौन' थिएटरं अडवून बसलेला, त्यातही सलमानच. लोक पुन्हा पुन्हा लग्नाला जात होते. हा सिनेमा टीव्हीने वाचवला, आणि त्याला कारण आहे. त्याची गोष्ट सैल आहे पण प्रसंग सुटे, दोन-चार मिनिटांचे, प्रत्येकात तोंडी बसणारं एक वाक्य. जाहिरातींच्या मधे तुकड्यांत बघायला याहून सोयीचं काही नाही. सलग बघितला की शेवटची मारामारी लांबते. २०२५च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा थिएटरात आला तेव्हा लोक संवाद पडद्याच्या आधी म्हणण्यासाठी गेले.

'तुंबाड' उलटा. ऑक्टोबर २०१८मध्ये बेताचा चालला, सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. पहिल्या वेळी भयपट म्हणून आलेल्यांना दचकवणाऱ्या जागा कमी मिळाल्या. दुसऱ्या वेळी लोभाची गोष्ट बघायची हे ठाऊक होतं. मोबाइलवर याची फार हानी होते. फाइल लहान करताना पहिला बळी अंधाराच्या छटांचा जातो, काळ्या भागात चौकोन आणि पट्टे उठतात. वाड्याच्या तळघरात नेमकं तेच होतं. बघायचाच तर सगळ्यात वरच्या दर्जावर, दिवे बंद करून.

सोमवार

सगळेच पडलेले सिनेमे पुन्हा उभे राहत नाहीत, हेही तपासायला हवं म्हणून 'राम गोपाल वर्मा की आग', २००७. 'शोले'चा नवा अवतार. प्रत पूर्ण, चौकट बरोबर, अंधार केलेला. नाही. कॅमेरा सतत हनुवटीखालून किंवा नाकाजवळून, त्यामुळे कोण कुठे उभं आहे आणि कोणाला कोणापासून धोका आहे हेच कळत नाही. 'शोले'त डाकू येतात तेव्हा आधी टेकडी, मग घोडे, मग गाव दिसतं आणि अंतर कमी होताना आपण मोजतो. इथे मोजायला अंतरच नाही. तेव्हाची टीका जवळजवळ शब्दशः लागू.

पुढचा 'लम्हे', १९९१. देशात पडला, परदेशात बरा चालला, त्याच वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअरही त्याला. तिथे प्रतीची भानगड कमी आहे. नायकाच्या पहिल्या प्रेमाची मुलगी पूजा पुढे त्याच्याच प्रेमात पडते. आक्षेप वयाच्या फरकाला होता, की आईच्या चेहऱ्याची मुलगी असण्याला, हे बघायचं आहे. त्यासाठी मध्यंतरानंतर पूजा आपलं मन कुठल्या प्रसंगी आणि किती उशिरा उघड करते, ती मिनिटं लिहून काढणार.